एका रक्ताचे अकरा अहवाल

प्रति,
मा. डॉ. चंद्रकांत पिंगळे,
वैद्यकीय अधिकारी, मिल दवाखाना,
इच्छापोर, सुरत.

विषय : यकृत खराब म्हणून कामावरून काढलेल्या अकरांपैकी दहा कामगारांचे रक्त आपण तपासलेच नसल्याबाबत.
संदर्भ : आपला "मद्यपानामुळे कामास अयोग्य" हा शेरा, दि. ३ मार्च.

महोदय,

१. अर्जदार सुकदेव महाले, राहणार डिंडोली, मिलच्या छपाई खात्यात चौदा वर्षे कापड छापायच्या जाळीच्या स्क्रीन धूत होता. गळ्यात तुळशीची माळ आहे. दारू तर सोडाच, तो खोकल्याचे औषधही वास घेऊन मग पितो.

२. आपल्या दवाखान्याच्या रक्ततपासणी शिबिरात ज्याचे यकृत खराब निघेल त्याला घरी बसवणार, अशी कुणकुण लागली. खात्यातले दहा जण घाबरले. त्यांच्यातला निंबा म्हणाला, "भाऊ, तुनं रगत चोखं शे, तूच दे." अर्जदार फुशारला. दोन दिवसांत अकरा नावांनी अकरा वेळा रांगेत उभा राहिला, कधी टोपी घालून, कधी काढून. ओळखपत्र कोणी पाहिले नाही. आठव्या खेपेस आपण स्वतः विचारलेत, "पितोस का?" अर्जदार म्हणाला, "नाही." आपण मान वर न करता "हो" लिहिलेत.

३. अकराही अहवालांत सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, चौपट आणि यकृताचा एसजीपीटी तिप्पट निघाला. अकरा माणसांचे आकडे इतके सारखे कसे, हा प्रश्न शाळकरी पोरालाही पडला असता. आपल्याला दिसली फक्त दारू, तीही दारूबंदीच्या राज्यात.

४. लबाडी अर्जदाराची, ती कबूल. शिक्षा त्या एकट्याला द्यावी. पण स्क्रीन धुण्याच्या द्रवाच्या पिंपावर कवटीचे चित्र आहे, आणि हातमोजे मागितले तेव्हा आपण खोबरेल तेल दिलेत. थेंबही न पिणाऱ्याचे यकृत कशाने बिघडले, याचे लेखी उत्तर सात दिवसांत द्यावे. डॉक्टर म्हणून पाटी लावली आहे, तेव्हा उत्तर माहीत असेलच.

५. अर्जदाराला अन्न जात नाही. डोळे पिवळे दिसतात, असे पत्नी मालतीबाई म्हणते, आणि तो आरशासमोर जायला घाबरतो. तरीही त्याची मागणी दहांसाठी आहे: त्यांचे खरे रक्त आजच घ्यावे. तेही त्याच पिंपात हात बुडवत होते. सगळ्यांत चोखे म्हणून निवडलेल्या रक्ताची ही गत आहे.

आपला, आजपर्यंत नम्र,
सुकदेव महाले
दि. १० मार्च

सोबत :
१. अकरा अहवाल, एकाच माणसाचे.
२. पिंपातला द्रव, एक बाटली. हातमोजे घालूनच उघडावी. ते आपले आपण आणावेत, मिलमध्ये मिळत नाहीत.