एक जूनची टीम

बोईसर,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

चि. जिवल्यास,

धर्मेश सरांचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तू तिकडे दोन वेळा पोटभर जेवतोस ना? आमटी गोड लागते म्हणून ताटात टाकत नाहीस ना?

तुमच्या फुटबॉल अकादमीत मोबाइल काढून घेतात आणि रविवारी पंधरा मिनिटं हातात देतात, हे मला फार आवडलं. त्या निमित्ताने पत्र लिहायला बसलो. कंपनीच्या लॉगबुकाशिवाय मी दहा वर्षांत पेनाने काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तुझा निरोप तुझ्या बहिणीने दिला. भावना बिचारी घाबरून गेली होती. कुणीतरी अकादमीला निनावी तक्रार पाठवलीय की तुझं वय दोन वर्षांनी चोरलंय. मनगटाचा एक्स-रे काढला, तर तो धड हो म्हणेना की नाही म्हणेना. आता एकतीस तारखेपर्यंत जन्माचा अस्सल पुरावा द्यायचा, नाहीतर सतरा वर्षांखालच्या टीममधून नाव कापून घरी पाठवणार. शाळेचा दाखला ते मानत नाहीत. कसे मानतील? आपल्या पंधरा पोरांपैकी नऊ जणांचा वाढदिवस एक जून! आईबाप कामाला लांब गेलेले, जन्माची नोंद कुठली. पोरगं शाळेच्या दारात उभं राहिलं की गुरुजींनी उंची बघायची आणि एक जून ठोकून द्यायचा. अकादमीवाल्यांना वाटत असेल, उमरोळीकडे पोरं भातासारखी एकदमच उगवतात.

तर तुला तुझं लसीचं कार्ड हवंय. आरोग्य केंद्राचं, नोव्हेंबर २००८ची जन्मतारीख आणि नर्सबाईंचा शिक्का असलेलं. फॉर्म भरताना तुझ्या आईने ते माझ्याकडे दिलं होतं, बरोबर आहे. सगळ्या पोरांचे कागद माझ्याच फाईलमध्ये असतात. शोधतोय. दिवाळीत घराला रंग काढला, तेव्हापासून सामान इकडचं तिकडे झालंय. मिळेल रे. एवढा जीव काढू नकोस.

टीमचं म्हणशील तर मेहुल गोलमध्ये उभा राहतो आणि बॉल आला की डोळे मिटतो. वाणगावच्या पोरांनी आपल्याला चार मारले. तू असतास तर, असं कुणीतरी म्हणालं. मी त्याला ग्राउंडला पाच फेऱ्या मारायला लावल्या.

ड्युटीवरून आलो की माझा तोच लॅपटॉप आणि तोच मॅनेजरचा गेम. क्लब आपण चालवायचा, पोरं आपण निवडायची, वाढवायची, मॅच मात्र कॉम्प्युटर खेळणार. तू म्हणायचास, ‘सर, यात पाय कुठे मारायचा?’ उमरोळी नावाचा क्लब मी त्यात घातलाय, सगळ्यात खालच्या लीगमध्ये, आणि तुम्हा सगळ्यांना त्यात भरलंय. प्रत्येक पोराचे दोन आकडे असतात. आज किती येतं तो एक, आणि पुढे जास्तीत जास्त किती येईल तो दुसरा. दुसरा खेळणाऱ्याला दिसत नाही, पण भरणारा मीच. मेहुलला दोनशेपैकी साठ दिला. तुला एकशे साठ. तेवढा मी कुणालाच दिला नव्हता.

गेमने मला एक गोष्ट शिकवलीय, ती ध्यानात ठेव. कच्चं पोर मोठ्या क्लबात गेलं की राखीव बाकावर बसून कुजतं. चिकू झाडावरून उतरवला म्हणून लगेच बाजारात नेत नाहीत, आधी अढीत घालतात. तू गेलास तेव्हा घाईच झाली. पण आम्हाला कोण विचारतो?

कार्ड शोधतोय.

तुझा,
धर्मेश सर


बोईसर,
रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. जिवल्यास,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं. त्यात कार्ड हा शब्द सहा वेळा आहे आणि ‘सर, कसे आहात’ एकदाही नाही. असू दे.

बुधवारी तुझी आई येऊन गेली. टमटमने बोईसर स्टेशन, तिथून चालत माझ्या चाळीपर्यंत. पिशवीत वालाच्या शेंगा. आत ये म्हटलं तर पायरीवरच बसली. म्हणाली, ‘मास्तर, पोराचा कागद द्या ना. फोनवर रडतंय.’ मी म्हटलं, बायडीबाई, सगळं घर पालथं घातलं, सापडत नाही.  उलट तीच माझी समजूत काढायला लागली. ‘राहू द्या. तुमी एवढा केलात आमच्या पोरासाठी. नाय मिळाला तर नाय मिळाला, तुमाला उगाच तरास.’ शेंगा ठेवून गेली. बायकोने भाजी केली. मला जेवण गेलं नाही.

का गेलं नाही ते विचारू नकोस.

जिवल्या, तुला एक विचारतो. अकादमीत निवड झाली तेव्हा पालघरला तुझा सत्कार झाला. हॉल भरलेला, हार, शाल, सगळं. तुझ्या हातात माइक दिला. तू आईचं नाव घेतलंस. अकादमीच्या सरांचं घेतलंस, ज्यांनी तुला एकूण दोन तास बघितलं होतं. खुर्च्या लावणाऱ्या मंडळाचंसुद्धा घेतलंस! मी तिसऱ्या रांगेत नवा शर्ट घालून बसलो होतो. माझी बायको शेजारच्या बाईला आधीच सांगून बसली होती, ‘आता यांचं नाव येईल.’ गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ना, ते मी त्या दिवशी टाळ्या वाजवत ऐकलं.

दहा वर्षांचा असताना तू अनवाणी आलास. माझे जुने बूट कापडाचे बोळे कोंबून तुला घातले. डावा पाय तुझा नुसता टेकायला होता. भिंतीवर बॉल मारायला लावून लावून तो मी तयार केला. आज अकादमीवाले त्याच डाव्या पायावर भाळलेत. त्यांना वाटतं, पोरगं असंच झाडावरून पडलं.

आता रागावू नकोस, नीट ऐक. समज, कार्ड वेळेत नाहीच मिळालं. आकाश कोसळणार आहे का? घरी ये. एक वर्ष माझ्या हाताखाली खेळ. पक्का हो. मग तुला कुठेही पाठवेन, मी स्वतः बरोबर येईन. गेममध्ये असंच करतात. चांगला मॅनेजर पोराचं भलं पोराच्या आधी ओळखतो.

एकतीसला अजून बारा दिवस आहेत. बघतो.

तुझाच,
धर्मेश सर


बोईसर,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

जिवल्या,

आशीर्वाद लिहिला नाही. तू तो घेणार नाहीस.

एक तारखेला सकाळी तू उमरोळी स्टेशनवर बॅग घेऊन उतरलास, हे मेहुलने सांगितलं. ग्राउंड तिथून हाकेच्या अंतरावर. मी रोज पाच वाजता वाट बघितली. आला नाहीस. आता कळतंय, दांडीला मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून लागलास. आमचंच गाव ते, बोट माझ्या मामेभावाची. तो सांगत होता, घरी पाठवताना अकादमीने दिलेल्या कागदावर अठरा पूर्ण लिहिलेत म्हणूनच घेतला. बघ, वाढलेल्या वयाचा कुठेतरी उपयोग झाला.

हे वाक्य खोडणार होतो. पण खोडलं तर तुला वाटेल, याहून वाईट काहीतरी लिहिलं होतं.

आता सरळ लिहितो. तक्रार मी केली.

डिसेंबरात पालघरला जाऊन एका दुकानात टाइप करून घेतली आणि पोस्टात टाकली. आठवतं, फॉर्म भरायला मी तुमच्या घरी आलो होतो? तुझी आई म्हणाली, पोर नदीवरचा साकव वाहून गेला त्या साली झाला. साकव गेला तो तुझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीच. भावनाने डब्यातून कार्ड काढून दाखवलं तेव्हा तुझी आई स्वतःच्याच विसराळूपणाला हसली, आपण सगळेच हसलो. मी त्यातलं हसणं सोडलं आणि साकव तेवढा उचलला. ‘मुलाची आई स्वतः सांगते’ असं लिहिलं. खोटं एक अक्षर नाही, आणि सगळं खोटं.

तू म्हणशील, सत्काराचा राग. होता. पण नुसत्या त्याने माणूस इतकं करत नाही.

मी तुला चिकूची गोष्ट सांगितली ना, बाकावर कुजण्याची? ती थाप होती. तू गेल्यावर मी गेममध्ये तुला सहा वेळा सोळा वर्षांचा केला. तीनदा मोठ्या क्लबाला विकला, तीनदा उमरोळीत ठेवून घेतला. विकला तेव्हा तिन्ही वेळा तू एकविसाव्या वर्षी देशाच्या टीममध्ये होतास. बाकावर बसलासच नाहीस. ठेवून घेतला तेव्हा तिन्ही वेळा तेविसाव्या वर्षी जिथल्या तिथे. एकशे साठचं पोर सत्तरवर अडकलेलं. पोराची वाढ का थांबली त्याचं कारण गेम लिहून दाखवतो. तिन्ही वेळा एकच लिहून आलं, प्रशिक्षक कमी पडतो. प्रशिक्षकाच्या जागी मी माझं नाव भरलं होतं.

सहाव्या वेळेनंतर लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवशी पालघरला गेलो.

म्हणजे मला माहीत होतं. न कळून केलं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवली नाही. तू माझ्याशिवाय मोठा होणार, हे मला सहन झालं नाही, बस. तुझी आई पायरीवर बसली होती तेव्हा फाईल आतल्या कपाटात होती आणि तुझं कार्ड सगळ्यात वर.

कार्ड या पाकिटात आहे. मेहुलच्या हाती पाठवतोय. माफी मागत नाही, मागितली तर तुला ती द्यायचा त्रास. पण तुझा पाय बोटीवर जाळी ओढून वाया घालवू नकोस. पुढच्या रविवारी चार वाजता ग्राउंडवर ये. मारायचं तर मार, चारचौघांत मार, पण ये. दहा नंबरची जर्सी मी अजून कुणाला दिलेली नाही.

तू मान किंवा मानू नकोस, तुझा सर,
धर्मेश


दांडी,
१९ फेब्रुवारी २०२५

धर्मेश सर,

पत्र मिळालं. काल बोट लागली तेव्हा मेहुल धक्क्यावर उभा होता. हात सुजलेत, अक्षर वाकडं येतंय.

तक्रार तुमी केली ते मला डिसेंबरातच माहीत हाय. अकादमीच्या सरांनी तो कागद मलाच वाचायला दिला होता. त्यात साकवाचं लिहिलेलं. त्या दिवशी घरात आई, भावना, मी आणि तुमी, एवढेच होतो. म्हणून तर कार्ड तुमच्याकडे परत परत मागत राहिलो. मला वाटलं, राग उतरला की द्याल. दिलं असतं तर मी कधीच काय बोललो नसतो. सहा वर्षं तुमी शिकवलं, तेवढं मी ठेवलं असतं.

सत्काराला माइक हातात आला आणि पाठ केलेलं सगळं गेलं. मी बापाचं नाव पण विसरलो. तो पण नवा शर्ट घालून आलेला. तो घरी येऊन हसला.

काल कार्डाचा फोटो अकादमीला पाठवला. सरांनी लगेच फोन केला. म्हणाले, कार्ड बरोबर हाय, तुझी काय चूक नाय, पण तुझी जागा आठ तारखेलाच दुसऱ्या पोराला दिली. पुढच्या वर्षी तुझं वय बसणार नाय. त्यांना पण वाईट वाटलं. मी थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला.

तुमचं पत्र मी मेहुलला वाचून दाखवलं, मग बाकीच्या पोरांना. अजून चौदा जणांचे कागद तुमच्या फाईलमध्ये हायत.

रविवारी चार वाजता मी येणार हाय. खेळायला नाय. सगळ्यांच्या आया येणार हायत आपापल्या पोराचा कागद न्यायला. फाईल घेऊन या.

माझी आई पण येतेय. तिला मी काय सांगितलं नाय. ते तुमी सांगा.

जिवल्या