महिनाभर आधीच झालेला मलिदा

कोल्हापूर,
१२ जानेवारी २००४

तीर्थरूप शिमशोनदादांना धाकट्या दाऊदचा शालोम आणि नमस्कार.

वहिनींचे गुडघे आता कसे आहेत? तिकडे इस्राएलला, डिमोनात यंदा थंडी फार, असं कळलं. कानटोपी घालत जा. इथे मी ठणठणीत आहे आणि मिल्का माझ्याहून ठणठणीत (रागावली की तिची तब्येत नेहमीच सुधारते). ती का रागावली तेच सांगायला हे पत्र.

तुम्ही दरवर्षी पाठवता ते आपलं यहुदी कॅलेंडर यंदा हाताशी नव्हतं. मग 'तू बिश्वात', आपला झाडांचा सण, धरायचा कधी? पौर्णिमेला येतो एवढं पक्कं. शेजारच्या शिवगंगाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "बुधवारी शाकंभरी पुनव हाय की. आमी भाज्या मांडतो, तुमी फळं मांडा. देवाला काय, सगळं एकच." मला पटलं. मिल्काने पोहे भिजवले, गूळ-खोबरं घालून मलिदा केला, वर डाळिंब, चिक्कू, बोरं, खजूर, केळी. माझा वर्कशॉपातला जुना सोबती सयाजी, त्याला पाच फळं म्हणून सांगितलं, तर कागलहून उसाची अख्खी मोळी लुनावर बांधून घेऊन आला. मग केळं झाडाचं की जमिनीचं, त्यावरची बरकत, म्हणजे प्रार्थना, कुठली म्हणायची, यावर आमचं नवरा-बायकोचं वाजलं. तुम्ही असता तर एका शब्दात निकाल लागला असता. (जमिनीचं, हे मला आठवतंय, पण माझं ऐकतं कोण?)

प्रार्थना मी तुमच्या त्या वहीतून वाचली, तुम्ही मराठी अक्षरांत उतरवून दिलेली. एलियाहू हन्नाबीचं नाव आलं की तुम्ही थांबायचा आणि सगळं घर आमेन म्हणायचं. यंदा मीच थांबलो आणि मीच आमेन म्हटलं. मिल्काचा घसा बसलेला. शिवगंगाबाईंनी माझी अडचण ओळखून मागून खणखणीत आमेन ठोकलं, फक्त दरवेळी एक ओळ आधी. सयाजीला तर इतकं आवडलं की तो जेवतानाही म्हणत होता.

तिसऱ्या दिवशी ठाण्याहून रूथमावशीचा फोन आला. सण यंदा फेब्रुवारीत, सात तारखेला. तेव्हापासून मिल्का माझ्याशी बोलत नाही, भांड्यांशी बोलते. मलिदा पुन्हा करायचा, प्रार्थना पुन्हा म्हणायची. दादा, त्या दिवशी मलिदा उत्तम झाला होता, पण वाटायला तुम्ही नव्हता. अठरा वर्षं झाली तुम्हाला तिकडे जाऊन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
दाऊद

ता. क. हे पोस्टात बसून लिहितोय, कारण घरी पत्र वाचून मगच मिल्का पाकीट चिकटवते. कॅलेंडर सप्टेंबरातच आलं होतं. माझ्या ट्रंकेत, कोटाखाली आहे. सात तारीख मला पहिल्यापासून ठाऊक होती.

दुसरा ता. क. सरळ बोलावलं असतं, तर तुम्ही दरवर्षीसारखं 'बघू' लिहिलं असतं. पण माझं काही चुकलं की ते निस्तरायला तुम्ही लहानपणापासून धावत येता, म्हणून आधी चुकून ठेवलं. अजून सव्वीस दिवस आहेत. या.

तिसरा ता. क. जमणार नसेल, तर तसं कळवू नका. सात तारखेपर्यंत मला वाट बघू द्या.