तंदुरावरचा तास

आत्याबाई, हे तुमच्या नातसुनेच्या हातून लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. माहेरी कुणी शिकायला बसवलं नाही आणि तुमच्या घरी कुणी बसूच दिलं नाही. ही नातसून तुम्ही पाहिली नाहीत, तुमच्यामागून आली. बँकेत नोकरी करते. संध्याकाळी बसमधून उतरते आणि घरात न येता जिन्याच्या पायरीवर पर्स मांडीवर घेऊन नुसती बसून राहते. परवा मी वरून हाक मारली, "काय गं, पायरी गहाण ठेवलीय का तुझ्याकडे?" तर म्हणाली, "आई, डोक्यात टेन्शन आहे. ते वर आणायचं नाही म्हणून बसते." मी हसले. मग मात्र तुमची अशी आठवण आली की आज सुट्टीच्या दिवशी हिला कागद घेऊन समोर बसवलं. तुम्हाला वाटेल म्हातारीला प्रेमाचं भरतं आलं. तसं काही नाही.

टेन्शन हा शब्द तुमच्या वेळी आपल्या घरात नव्हता. तुम्ही त्याला दृष्ट म्हणायचात. आपण तेव्हा पंजाबात, बावीस सेक्टरातल्या सरकारी क्वार्टरात होतो आणि तुमच्या मुलाच्या ऑफिसात नवा साहेब आला होता. तो चारचौघांत फाइल आपटायचा आणि "ये क्या लिख लाए हो?" म्हणून ओरडायचा. हे मला कसं कळलं विचाराल, तर खालच्या घरातल्या पंजाबणीकडून. तिचा नवरा त्याच ऑफिसात होता आणि तो घरी बोलायचा. आपल्याकडे बोलायची पद्धत नव्हती. तुमचा मुलगा यायचा तो राखेसारखा चेहरा घेऊन. ताट वाढलं की पहिल्या घासाला भाजी अळणी आणि दुसऱ्या घासाला खारट. आणि तिकडे तुम्ही अंगणात अंगीठी फुलवताय. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरवताय, निखाऱ्यावर टाकताय. खकाणा काही उठत नाही. तुम्ही कपाळाला हात लावता, "बघ, ठसकासुद्धा नाही. केवढी लागलीय माझ्या लेकराला!"

अहो, साताऱ्याहून आणलेल्या मिरच्या केव्हाच संपल्या होत्या. त्या तिथल्या बाजारातल्या होत्या, नुसत्या रंगाच्या. भाजीत मूठभर टाकल्या तरी पोरं पाणी मागत नव्हती, त्या निखाऱ्यावर काय ठसकणार? मी तेव्हाच म्हटलं होतं, "आत्याबाई, मिरच्याच तिखट नाहीत." तुम्ही म्हणालात, "तिखट तुझी जीभ आहे, तेवढी पुरे." छान बोललात, मला अजून पाठ आहे. आणि मग दर शनिवारी मिरच्या ठसकेनात, म्हणून दृष्ट वाढतच गेली. मग ती कुणाची, हे शोधायला तुम्ही निघालात.

तुम्हाला ती खालची पंजाबीण सापडली. तिचं चुकलं एवढंच, की एकदा जिन्यात ती तोंड भरून म्हणाली, "माताजी, तुहाडा मुंडा ते बड़ा सोहणा है!" तुमचा मुलगा देखणा आहे, असं आईपाशी म्हणाली बिचारी. मला विचारलं असतंत तर मीही एवढं म्हटलं नसतं.

आता तंदुराचं सांगते, कारण ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. आपल्या क्वार्टरांच्या रांगेमागे बायकांचा साझा, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक, तंदूर होता. संध्याकाळी परातीत कणीक मळून न्यायची, तंदूरवाली रोट्या लावून द्यायची आणि मजुरीत एक गोळा ठेवून घ्यायची. तुम्हाला वाटायचं मी रोट्यांसाठी जाते. रोट्या मला घरीही करता येत होत्या. मी जायची बोलायला. परात मांडीवर घेऊन आम्ही बसायचो आणि ती पंजाबीण विचारायची, "हां जी मराठण, अज्ज सास ने की केहा?" आज सासू काय म्हणाली, असं. मग मी पदर घट्ट खोचून, नाक वर करून तुमची नक्कल करायची, "पीठ चाळलंस का? पाहिलंस का? पाहून चाळलंस का?" एक अक्षर मराठी न कळता सगळ्या बायका डोळे पुसेपर्यंत हसायच्या. कुणी साहेबाला शिव्या द्यायची, कुणी नवऱ्याला. कुणी नुसतीच रडायची आणि रोट्या घेऊन जायची. मी घरी यायची ती हलकी होऊन. मग भाजी अळणी म्हटली काय आणि खारट म्हटली काय, मला काही लागत नसे.

ते तुम्ही बंद केलंत. "त्या पंजाबिणीच्या सावलीत भाजलेलं माझा मुलगा खाणार नाही," म्हणालात. मी तुमच्या मुलाकडे पाहिलं. तो बूट काढत होता. म्हणाला, "आई म्हणते तसं कर. माझं डोकं ठिकाणावर नाही." एवढ्यावर निकाल लागला.

मग संध्याकाळ झाली की माझा श्वास छातीत अडकायला लागला. एकदा लाटणं हातातून सुटलं आणि मी ओट्यापाशीच बसले, तेव्हा तुम्ही दोघं मला इस्पितळात घेऊन गेलात. डॉक्टर सरदारजी होता, तरुण. त्यानं नळी लावली, म्हणाला दिल बिलकुल ठीक आहे. मग नळी गळ्यात टाकून त्यानं मला विचारलं, "बीबी, घर में कोई परेशानी?" आत्याबाई, आयुष्यात पहिल्यांदाच मला हे कुणी विचारत होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तुम्ही तुमच्या मोडक्या हिंदीत म्हणालात, "इसको कैसी परेशानी? ये तो घर में ही रहती है." डॉक्टरनं मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. मी तोंड मिटलं.

त्या एका वाक्याचा राग मी इतकी वर्षं सांभाळला आहे. साहेबाचा नाही, तुमच्या मुलाचा नाही. तो साहेब बदलून गेला, तुमचा मुलगा खाऊ लागला, तुम्ही म्हणालात दृष्ट उतरली. माझं कुणी काही उतरवलं नाही. तुमचं सुतक फिटल्यावर मी परात घेऊन खाली गेले, तर पंजाबिणीच्या दाराला कुलूप होतं. बदली होऊन गेली होती. तंदुरावर सगळ्या नव्या बायका होत्या, मला "आओ जी" म्हणाल्या. मी रोट्या लावून घेतल्या आणि आले.

हिला मी सांगितलंय, पायरीवर बसायचं तर खुशाल बस, चहा मी खाली आणून देईन. तर म्हणते, "आई, तुम्ही पण बसा ना, बोला काहीतरी." बसले एकदा. गुडघे दुखतात म्हणून उठून आले.

आता ही विचारते आहे, पत्र पाठवायचं कुठे? कुठे पाठवणार, घडी घालून ठेव म्हटलं. आणि खरं सांगायचं तर आत्याबाई, मला वाटलं होतं आज सगळं बाहेर काढीन. पण समोर सून बसली आहे. सुनेपुढे सासूनं काय बोलावं आणि काय नाही, ते तुम्हीच मला घोटून शिकवलंत. तेव्हा निम्मं अजून गिळलेलंच आहे. हेही ती लिहून घेते आहे, मान वर न करता.