वाऱ्याच्या मधोमध

डब्बो, न्यू साऊथ वेल्स
१९ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना दीप्तीचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? तुम्ही आता माझेही फोन घेत नाही, म्हणून हे पत्र आमच्या मित्राबरोबर, सारंगबरोबर पाठवतेय. तो या आठवड्यात साताऱ्याला येतोय.

मंगळवारी आमच्याकडे टोर्नेडो आले. एकाच दुपारी चार-पाच. इथे नजर जाईल तिथवर गव्हाची सपाट शेतं, त्यामुळे ढगातून उतरलेली ती सोंड फार लांबून दिसते. लपायचं सोडून मी जनावरांच्या दवाखान्याच्या खिडकीशी बघत उभी राहिले. वाऱ्याचा काही नेम नव्हता. एका घराचं छप्पर उडालं, पण मागच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे तसेच. शेजारच्या मार्गारेटबाईंची मेंढी दोन शेतं पलीकडे मजेत चरताना सापडली. मीच तपासली, ओरखडासुद्धा नाही.

हृषीकेशची बस मात्र शेतात उलटी पडली आहे.

हो, तुमचा मुलगा अजून शाळेची बसच चालवतो. "इंजिनिअर होऊन ड्रायव्हर झालास?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नाही. मी त्यात पडणार नाही. पण काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

मुलांना घरी सोडताना सोंड समोरून येताना दिसली. त्याने बस थांबवली, मुलांना रस्त्याकडेच्या कोरड्या नाल्यात पालथं झोपवलं आणि स्वतः त्यांच्यावर आडवा झाला. मग एकदम सगळं शांत झालं. मुलं उठायला लागली. छोटा नोआ म्हणाला, "इट्स गॉन, मिस्टर रिशी." याने त्याला खाली दाबलं. "स्टे डाऊन, मेट. नॉट येट." पुढच्याच क्षणी वारा उलट्या दिशेने आला. बस तेव्हा उडाली.

मुलं सगळी सुखरूप आहेत. हृषीकेशला कुंपणाचा खांब लागला. उजवा खांदा मोडलाय, काल ऑपरेशन झालं. उजव्या कानाने त्याला काहीच ऐकू येत नाही, आणि पुढे येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. हे लिहायला मी चार दिवस लावले.

ती शांतता म्हणजे वादळाचा मध्य आहे, हे तुला कसं कळलं, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मी लहान असताना बाबांनी ताकाच्या पातेल्यात रवी फिरवून दाखवलं होतं, असं वाटतंय. की कुठे वाचलं होतं? बाबांना विचार ना."

तीन वर्षांत त्याने पहिल्यांदा तुमचं नाव काढलं.

उत्तर मला सांगू नका. फोन करा, मी तो त्याच्या डाव्या कानाशी धरीन.

तुमची सून,
दीप्ती