दोन रांजणांचं शरबत

८ जाने. ८४
शाळा समितीची मीटिंग. शाळेच्या दुसऱ्या खोलीच्या छपरावर कवेलू राह्यले नाईत, पावसाळ्यात पोरं व्हरांड्यात कोंबावी लागतात. म्हणून २२ ले शंकरपट. बैलजोड्या पळतील, तिकिटाचा पैसा छपराले.
प्यायले काय ठेवायचं यावर अर्धा घंटा. हॉटेलवाला म्हणे बाटलीतला थंडा आणतो, दीड रुपया. लोकं जंगलातून पायी येतील अन् दीड रुपयाचा थंडा पितील! मी म्हटलं गूळ-लिंबाचं शरबत करते, दहा पैसे.
अध्यक्ष धनराजभाऊ चष्मा पुसत बसले. समजलं मले. यांच्या पोरांले बाराखडी शिकवलेली चालते, आमच्या बौद्ध मोहल्ल्याच्या विहिरीचं पाणी नाई चालत.

९ जाने.
धनराजभाऊची बायको कमल, माझ्या माहेरची. ती इथं लग्नानं आली, मी बदलीनं. काल तीही मीटिंगमध्ये होती, मान खाली घालून.
आमच्या गावची धानाची रोवणी आठवून राह्यली. छपन्नच्या आधीची गोष्ट, आठ-नऊ वर्षांच्या असू. गुडघाभर चिखलातून निघून दोघी शेताच्या धुऱ्यावर बसलो, एकाच द्रोणातून आंबील पेलो. एक घोट ती, एक घोट मी. आंबट लागे, तरी पुरत नसे. नाकाले लागली म्हणून ती एवढी हसली की अर्धी सांडली.
तिच्या आजीनं पाह्यलं. कमलले मार बसला. मले नुसतं दूर हो म्हटलं. मलेही दोन लावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
ते दिवस गेले. दीक्षा झाली, नोकरी लागली. कमल येते, पण पायरीवरच बसते. घंटाभर गोष्टी करते, पाणी मागत नाई. मीही विचारत नाई.

१२ जाने.
धनराजभाऊनं तोड काढली. दोन रांजण. एकात पाटलाच्या विहिरीचं पाणी, तिथं कमल वाढेल. दुसरा माझा. ज्याले जिथं प्यायचं तिथं प्या. भांडे धुवायची भानगड नको म्हणून पळसाचे द्रोण.
हो म्हणून आली. घरी आल्यावर असा राग आला! काऊन हो म्हटलं? छपरासाठी. पण खरंच छपरासाठी का भांडायचा कंटाळा?

२१ जाने.
द्रोण लावून लावून बोटं सोलली. मोहल्ल्यातल्या बाया आल्या म्हणून झालं. म्हातारी शेवंताबाई म्हणे, मास्तरीणबाई, काडी टोचून राह्यली का बैलाले वेसण घालून राह्यली. पोट दुखेपर्यंत हसलो.

२२ जाने.
अंग मोडून आलं, पण लिहितेच.
सकाळपासून कमलकडे मोठी रांग. माझ्याकडे मोहल्ल्याचे अन् लांबून आलेले गोंड भाऊ. दुपारी दोनले तिचा रांजण रिकामा. फायनल बाकी, धुरळ्यानं लोकांचे घसे बसलेले. पाटलाची विहीर लांब. धनराजभाऊ म्हणे माणूस धाडतो, थांबा.
कमल नाई थांबली. बादली घेऊन माझ्याकडे आली, भरली, तिच्या रांजणात ओतली. सगळ्यांच्या देखत, दोनदा. कोणाले विचारलं नाई. दोघं-तिघं रांगेतून निघाले, बाकीचे उभेच. धनराजभाऊनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् स्वतःच द्रोण पुढं केला.
कमलनं मात्र दिवसभर काही घेतलं नव्हतं. ओठ पांढरे पडलेले. मी द्रोण भरून तिच्या हातात देला. तिनं घेतला. तेवढ्यात फायनलची जोडी सुटली, लोकं ओरडले, मी तिकडं पाह्यलं. वळली तर द्रोण रिकामा.
पेली का सांडलं? विचारायची हिंमत नाई झाली.

२४ जाने.
कवेलूपुरतं जमलं म्हणतात. गावात त्या दोन बादल्यांचीच चर्चा. कमलची सासू बोलत नाई म्हणे तिच्याशी. माझ्यापायी झालं का हे? तिनं आपल्या मनानं केलं.

२९ जाने.
कमल आली. पायरीवर बसली. पोरीचं लग्न सिंदेवाहीले जमून राह्यलं, ते सगळं सांगितलं. सासूचं नाव काढलं नाई. ती उठली तसं मले राहवलं नाई.
"त्या दिवशी पेली का वं?"
ती म्हणाली, "तू काऊन पाह्यलं नाई?"
खरंच, तेवढ्यात मान काऊन वळवली मी? बैलांचं मले काय पडलं होतं?
उद्या नवरदेव पोराचा फोटो दाखवायले येते म्हणाली. बाजारातून लिंबं आणून ठेवली. आत ये म्हणायचं ठरवून राह्यली. एवढ्या वर्षांत एकदाही म्हटलं नाई, तेही आजच ध्यानात आलं.
नाई म्हटली तर?