आईच्या गोष्टीचे पुढचे भाग

अप्पा, तुमच्या नाटकाचा दुसरा भाग मला अजून तोंडपाठ आहे आणि पहिल्यातली अर्धी वाक्यं मी विसरले, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलत आले. मास्तर होते, पोरं शिकवली, वस्तीला नाटक दिलं. मुलगी म्हणून मीही मान हलवत आले. आज हलवणार नाही.

पहिला भाग कुठं सुरू झाला ते सांगते, कारण तुम्ही तो नेहमी 'मला सुचला' असं सांगायचात. बहात्तरच्या दुष्काळाचं साल. वडीगोद्री आणि घनसावंगीच्या मधल्या त्या गावात तुमची नवीनच बदली झालेली. आई रेशनच्या लाल ज्वारीतले, मिलोतले खडे निवडत बसलेली आहे, तुम्ही वह्या तपासताय आणि मी तुमच्या शेजारी पेन्सिलींना टोकं काढतेय. न विचारता आई बोलायला लागते. तिच्या माहेरी, जाफराबादकडं, ती सोळा वर्षांची असताना आपल्या लोकांचा आड आटला होता. गावातल्या आडाला पाणी होतं, पण आपल्या बायकांनी बाजूला थांबायचं, कुणी वरून ओतलं तर न्यायचं. ती सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत थांबली. घरी तिचा बाप तापानं फणफणलेला. कुणी ओतलं नाही. मग तिनं स्वतःच पोहरा आत सोडला, घागर भरली. तेवढ्यात आडाचा मालक आला. म्हणाला, घागर ठेव, जमिनीला डोकं लाव आणि मग जा. आई म्हणाली, "पाणी घेतलंय, चोरलं न्हाई." आणि घागर घेऊन निघाली.

तुम्ही हातातली वही मिटलीत. "थोडी तरी वाकली असशील?" असं विचारलंत. आईनं वर न बघता सांगितलं, "वाकले न्हवते. लिहायचं असंल तर तसंच लिहा."

तुम्ही तसंच लिहिलंत. हे तुमचं श्रेय मी कधी नाकारलं नाही. जयंतीच्या दुपारी, उन्हं कलायच्या सुमाराला, दोन गोधड्यांचा पडदा बांधून आपण ते केलं. अंधार पडल्यावर बायकांना येता येत नाही म्हणून दुपारी करायचं, हेही तुमचंच डोकं. मला, तेरा वर्षांच्या पोरीला, तुम्ही आईचं काम दिलंत. शेवटी मी पडद्यामागं जायचं नाही, घागर घेऊन, समोर बसलेल्या बायकांमधून सरळ चालत निघून जायचं, असं बसवलंत. घागरीत खरं पाणी होतं. माझ्या खांद्यावरून ते सांडत होतं आणि बायका पाय आखडून मला वाट देत होत्या. एका म्हातारीनं घागरीला हात लावून तो कपाळाला लावला. कितीतरी वेळ कुणी टाळी वाजवली नाही. मग आपण दहा-बारा गावं फिरलो. प्रत्येक ठिकाणी आई पुढच्या रांगेत. लहान पोरी भांडताना एकमेकींना म्हणायला लागल्या, घेतलंय, चोरलं न्हाई.

तिथं थांबायचं होतं, अप्पा. पण जो भेटेल तो विचारी, "मास्तर, पोरीचं पुढं काय झालं?" आणि ते विचारणं तुम्हाला आवडायला लागलं. रस्त्यात कुणी विचारलं नाही तर तुम्हीच विषय काढायचात. अशात एक दिवस गावचे ते मोठे बागायतदार आपल्या दारात आले. त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं. आपल्या बाजेवर बसले, आपल्या कपात चहा प्यायले. तो कप तुम्ही पुढं कितीतरी दिवस मानाचा म्हणून वेगळा जपून ठेवलात. मी बघत होते.

"नाटक झकास हाय मास्तर," ते म्हणाले, "पण अर्धवट वाटून राह्यलं. पोरीनं परत यावं, चूक झाली म्हणावं, मालकानं तिला पोटाशी धरावं. गाव एक व्हायला पाह्यजे का न्हाई? लिहा तुम्ही. यात्रेत स्टेज देतो, पडदा देतो, लाउडस्पीकर देतो. सगळा खर्चा माझ्याकडं."

तुम्ही म्हणालात, विचार करतो. पण तो करून झालेला होता. पंधरा दिवसांत दुसरा भाग तयार. पोर परत येते, मालकाच्या पायावर डोकं ठेवते, तो तिला लेक म्हणतो, मागं सनई. एवढी गोड भाषा तुम्ही त्याआधी कधी लिहिली नव्हती. एकेका वाक्याला तीन-तीन विशेषणं. पहिल्या भागातली पोर चार शब्द बोलायची आणि तेवढ्यानं मालक गप्प व्हायचा. या पोरीला तुम्ही पानभर भाषण दिलंत आणि त्यात एकसुद्धा गोष्ट तिची नव्हती.

तालमीत मी म्हणाले, "अप्पा, ती वाकत न्हाई." सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "तुला नाटकातलं काय कळतं? सांगितलं तेवढं कर." मी ताठ उभी राहिले. तुम्ही जवळ आलात, माझ्या मानेवर हात ठेवलात आणि खाली दाबलंत. "अस्सं," म्हणालात. जोरात नव्हतं. मारलं असतंत तर मी विसरले असते, शाळेत सगळेच मास्तर मारायचे. पण ज्या हातानं माझं बोट धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, त्याच हातानं, तितक्याच शांतपणे, तुम्ही मला वाकायला शिकवलंत. माझी साठी उलटली, अजून मानेला कुणी मागून हात लावला तर मी दचकते.

यात्रेत खरोखर स्टेज होतं. आई पुढं सतरंजीवर बसलेली. मी वाकले. टाळ्यांचा नुसता पाऊस. आणि त्यात आई उठली. पदर झटकला आणि लोकांमधून चालायला लागली. "बसा ओ बाई, दिसून न्हाई राह्यलं," कुणीतरी मागून ओरडलं. तुम्ही कडेला उभे राहून तिला जाताना बघत होतात, हे मला स्टेजवरून दिसत होतं.

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "लोकांना आवडलं."

"लोकांची गोष्ट व्हती का ती?" आई म्हणाली.

तुम्ही सदरा काढून खुंटीला अडकवलात. त्यावर आपल्या घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

पण बाहेर झालं. त्याच आठवड्यात आई गिरणीवर गेली. तिचा नंबर होता, तरी गिरणीवाला दुसऱ्याचं दळण घालायला लागला. ती म्हणाली, माझा नंबर आहे. तो हसत म्हणाला, "मास्तरांनीच दाखवलं ना आता, कसं वाकायचं ते. मंग थांबा की जरा." मी तिच्याबरोबर होते. आईनं टोपलं डोक्यावर घेतलं. त्या दिवसापासून तुमची बदली होईपर्यंत ती दळणाला शेजारच्या गावी पायी जात राहिली, जाऊन-येऊन दोन कोस. का जाते ते मी तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तुम्ही एकदाही त्या गिरणीवाल्याकडं गेला नाहीत. लेखणी चालवणाऱ्या माणसाला चार पावलं चालता आली नाहीत.

वर तिसरा भाग लिहिलात. लग्नाचा, विनोदी. नवरदेव आडात पडतो आणि पोर घागर घेऊन पळते. मी करणार नाही म्हणाले तर एका बाप्याला लुगडं नेसवलंत. आईची घागर त्याच्या डोक्यावर बघून लोक हसले, मग हसायचेही थांबले, मग उठून गेले. बागायतदार निवडून आले आणि पुन्हा आपल्याकडं चहाला आले नाहीत. तुम्ही तिन्ही वह्या ट्रंकेत टाकल्यात. पुढं काय झालं असं विचारणारं कुणी उरलं नाही.

त्यानंतर तुम्ही वीस वर्षं जगलात. एका तरी दिवशी आईला म्हणायचं, चुकलं माझं. शेवटच्या आजारपणात मी तुमच्या उशाशी बसायची तेव्हाही तुम्ही पहिल्या भागाच्या गावांचीच नावं घेत होतात. बाकीचे दोन जणू कुणी दुसऱ्यानंच लिहिले होते.

आता आई माझ्याकडं असते, जालन्यात. पंच्याऐंशीच्या घरात आहे, कान शाबूत आहेत. मागच्या वर्षी वस्तीतल्या पोरी जयंतीला नाटक करायचं म्हणून आल्या. मी ट्रंकेतून तुमची पहिली वही काढली. ती तशीच्या तशी द्यायची होती. पण माझ्या अंगातला राग मला गप्प बसू देईना. मी नवा दुसरा भाग लिहिला. पोर मोठी अधिकारी होऊन गावात येते, मालक त्याच आडावर हात जोडून उभा राहतो आणि जमिनीला डोकं लावतो. लिहिताना तुमचं सगळं पुसून काढतेय असं वाटत होतं. आईला समोर बसवून मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "ही पण मी न्हाई."

मला एवढं लागलं की मी चिडूनच म्हणाले, "मंग तू काय केल्तंस ते सांग, तेच लिहिते."

"काय करणार," ती म्हणाली. "घरी आले. बापाला पाणी पाजलं. उरलेल्या पाण्यात कालवण टाकलं, जेवलो. अन् दुसऱ्या दिवशी परत गेले आडावर. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी बाकीच्या बायका पण आल्या माझ्यासंगं."

अप्पा, एवढं सगळं तिच्याजवळ होतं. तुम्ही तिच्याबरोबर जवळजवळ चाळीस वर्षं राहिलात, मी तर तिच्याच पोटची, आणि पुढं काय झालं हे अख्खा मुलूख तुम्हाला विचारत असताना आपल्यापैकी एकानंही ते तिला विचारलं नाही.

पोरींना मी आईपाशी बसवलं. ती सांगत गेली, त्यांनी लिहून घेतलं आणि तेच केलं. मला त्यात काही काम नव्हतं. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट मला तुम्हाला कळू द्यायची नाही. मी लिहिलेला तो भाग मी फाडलेला नाही. कपाटात कपड्यांखाली ठेवलाय. आई झोपली की कधीकधी काढून वाचते, आणि मला अजूनही वाटतं की तो चांगला झालाय.