मागांच्या आवाजातलं तुमचं वाक्य

प्रिय नायना,

उद्या संध्याकाळी गल्लीजवळच्या मंगल कार्यालयात आपला सिनेमा दाखवायचा आहे. पडदा बांधून झालाय. आई सकाळपासून तीनदा विचारून गेली, "जेवलास का?" आणि मला मात्र तुमच्याशी एक गोष्ट बोलल्याशिवाय घास उतरत नाही. तुम्ही होता तेव्हा 'नायना' अशी तेलुगूत हाक मारायचो, पण बापाला दोन ओळी कधी लिहिल्या नाहीत. आता पत्ताच उरला नाही, तर लिहायला बसलोय. हसा खुशाल!

तुम्हाला आठवतं, बापाच्या भूमिकेला माणूस मिळेना म्हणून मी डोकं धरून बसलो होतो? आई भाकरी थापता थापता म्हणाली, "घरात एक बाप हाय की रिकामा." तुम्ही इतके लाजलात की ताट तसंच ठेवून बाहेर गेलात. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र आरशासमोर उभे राहून माझीच वाक्यं घोकत होता, मी चोरून पाहिलं.

गोष्ट तरी काय होती? सतरा वर्षांचा पोरगा, दाढी-मिशी लवकर यावी म्हणून बापाच्या दाढीच्या सामानावर डल्ला मारतो, रोज कोरड्या गालावर वस्तरा फिरवतो आणि गालभर चिकटपट्ट्या लावून कॉलेजात जातो. लोक पोट धरून हसतील असा सिनेमा. शेवटी पोरगा शिकायला पुण्याला निघतो, आणि बाप चालू माग सोडून बाहेर येतो, तो दाढीचा डबा त्याच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, "जा, पण तोंड दाखवत जा."

हा शेवट मी का लिहिला, हे तुम्ही एकदाही विचारलं नाही. माझ्या वेळी तुम्ही आला नव्हता, नायना! मी बारा वर्षांपूर्वी पुण्याला निघालो तेव्हा तुम्ही यंत्रमागाच्या कारखान्यात पाळीवर होता. आई एकटी स्टँडवर आली. "मालक सुट्टी देत न्हाय," एवढंच तुम्ही आदल्या दिवशी म्हणालात. मी रागाने स्टँडच्या उलट्या बाजूच्या खिडकीला बसलो. गाडी हलली तरी मागे वळून पाहिलं नाही. आईकडेसुद्धा नाही.

तर तो प्रसंग आपल्याच दारात, कारखान्याच्या भिंतीला लागून घेतला. इम्रान कानाला हेडफोन लावून आवाज तपासत होता. मी विचारलं, "आवाज कसा आहे?" तो म्हणाला, "एकदम सन्नाटा है रे, चालू कर." मीही ऐकलं. खरंच शांत वाटलं. महिनाभर आम्ही असंच सगळं चित्रीकरण केलं.

मग पुण्यात आवाजाचं काम करणाऱ्या बाईंनी पहिलंच दृश्य लावलं आणि विचारलं, "ही खटखट कसली?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. "कसली खटखट?"

चोवीस माग, नायना! भिंतीपलीकडे चोवीस माग चालू होते, आणि ते आम्हाला ऐकूच आले नाहीत. इम्रान शेजारच्या गल्लीतला, मी या. जन्मल्यापासून आमच्यासाठी शांतता म्हणजे तोच आवाज. बाई डोक्याला हात लावून हसल्या. सगळे संवाद पुन्हा बोलून घ्यायचे ठरले.

हे फोनवर सांगितल्यावर तुम्हीही किती हसलात! मग दर आठवड्याला तुमचं एकच, "आवाज द्यायला कधी यायचं रे?" तुम्ही त्यासाठी नवा निळा शर्ट घेतलात. मी चेष्टा केली, "आवाजाला शर्ट कशाला लागतो?" तुम्ही म्हणालात, "तितं काचेतनं बघत असतील की." मी आज-उद्या करत राहिलो. आधी पोराचं पात्र, मग मित्रांची, बाप शेवटी. बाप कुठे जातोय? एका दुपारी तुम्ही मागावरून घरी आलात, पाणी मागितलंत आणि आई पाणी घेऊन येईपर्यंत गेलात.

तुमच्या जागी एका नाटकातल्या नटाने आवाज दिला. चांगला माणूस, मनापासून केलं त्याने. पण पडद्यावर तुमचं तोंड उघडायचं आणि आतून तो बोलायचा. आईला दाखवलं, तर ती पहिल्याच वाक्याला पदर तोंडावर घेऊन उठली. "हे कोण बोलतंय त्यांच्यातनं? बंद कर आधी!" त्यानंतर तिने पडद्याकडे पाहिलेलं नाही.

आणि शेवटचा प्रसंग तर जुळेचना. "जा, पण तोंड दाखवत जा." किती वेळा म्हणवून घेतलं, तुमच्या ओठांवर बसतच नव्हतं. मूळ ध्वनी लावला तर तुम्ही इतकं हळू बोललेले, की मागांखाली काहीच ऐकू येत नाही. मी ते दहा सेकंद शेकडो वेळा पाहिले. तुम्ही डबा देता, पोराच्या खांद्यावरून थेट माझ्याकडे, कॅमेऱ्याकडे बघता, आणि काहीतरी बोलता. आताशा डोळे मिटले तरी तुमचे ओठ हलताना दिसतात. जेवताना, गाडी चालवताना, कुणाशी बोलताना. काय सांगत होता, नायना?

त्यातच भिंतीपलीकडचा कारखाना बंद झाला. माग भंगारात गेले. आता घरी आलो की दारातच थबकायला होतं. मी येण्याआधी कुणीतरी बोलत होतं आणि माझी चाहूल लागताच गप्प झालं, असं वाटत राहतं.

परवा नरसय्या काका आले. तीस वर्षं तुमच्या शेजारच्या मागावर उभे राहिलेले. सहज म्हणून त्यांना तो तुकडा मोबाईलवर दाखवला. आवाज बंदच होता. त्यांनी एकदा पाहिलं आणि चष्मा काढला.

"आरं, ह्यात अवघड काय हाय? आमी जन्मभर असंच बोललो की. मागावर कुटं ऐकू येतंय? तोंड बघायचं."

मला कसं सुचलं नाही? लहानपणी डबा घेऊन कारखान्यात यायचो तेव्हा मीही तुमचे ओठ वाचायचो. पण इतके दिवस मी तुमच्या तोंडात माझंच वाक्य शोधत होतो, तेही मराठीत.

"तेलुगूत बोललाय त्यो," काका म्हणाले. "'मी आलतो,' म्हणतोय. 'गाडी हलली होती.'"

मी तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला. काका पुढे म्हणाले, "व्हय, आलता की स्टँडवर. दोन माग माझ्या अंगावर टाकून पळाला. डोक्यात सगळा सुताचा कचरा. परत आला त्यो लई येळ नुसता बसून राहिला. मी इचारलं, भेटलं का पोरगं? तर म्हणाला, त्यानं वळून बघितलं न्हाय."

बारा वर्षं, नायना! एवढी वर्षं माझा राग गिळलात आणि एक शब्द बोलला नाहीत? आणि बोललात ते कुठे, तर मागांच्या आवाजात, जिथे मला ऐकू येणार नाही तिथे? की 'माझा पोरगा अजून ओठ वाचतो', असं वाटलं तुम्हाला? मला तुमचा राग येतो. आणि गाडीतल्या त्या मुलाचा त्याहून जास्त येतो. एकदा मान वळवायला काय झालं होतं त्याला?

काल मी पुण्याला फोन करून त्या नटाचा आवाज सगळीकडून काढायला सांगितला. बाई म्हणाल्या, "अहो, मागांची खटखट येईल, शेवटचं वाक्य तर कळणारच नाही." मी म्हटलं, येऊ दे. पुण्यात नाही कळलं तर नाही. पण उद्या समोरच्या खुर्च्यांवर नरसय्या काका असतील, तुमच्या पाळीतली सगळी माणसं असतील. ती ओठ वाचतील. आईला मी हात धरून बसवणार आहे. तिलाही वाचता येतं, आणि तुमच्यातून दुसरं कुणी बोलणार नाही, हे मी तिला सांगितलंय. निळा शर्ट मी घालतोय. खांद्यात सैल होतो.

तुमच्या तोंडी पुन्हा माझं वाक्य घालणार नाही, नायना. त्या दहा सेकंदांखाली अक्षरंही येऊ देणार नाही. आणि रविवारी पुण्याला परत जाईन तेव्हा स्टँडच्या बाजूची खिडकी धरीन. गाडी हलली की मागे वळून बघेन, स्टँड दिसेनासा होईपर्यंत. तुम्ही पळत या. उशीर झाला तरी चालेल.

तुमचा,
श्रीनिवास